डावीकडची खुर्ची

वकिलांची कार्यशाळा कुठंही असो, भुयार वकील सगळ्यांच्या आधी पोहोचतात आणि दोन खुर्च्या अडवतात. एकीवर स्वतः बसतात. डावीकडच्या दुसरीवर आपला दुपट्टा अंथरतात. त्या खुर्चीकडे कोणी नुसतं पाहिलं तरी म्हणतात, "कोलते साहेब येऊन राहिले."

कोलते साहेब येत नाहीत. उद्घाटन होतं, दीपप्रज्वलन होतं, कोणीतरी निवृत्त न्यायाधीश "थोडक्यात सांगतो" म्हणून तासभर बोलतात, आभार मानून होतात, आणि खुर्चीवर दुपट्टाच बसलेला असतो. मागच्या भिंतीला टेकून माणसं उभी असतात, पण भुयार वकिलांना त्याचं काही नाही. दारातल्या टेबलावरून ते पिशव्या दोन घेतात, पेनं दोन घेतात, आणि चहाच्या वेळी आलुबोंड्याच्या बश्याही दोन. "एक माहं, एक कोलत्याचं." दुसरा आलुबोंडा ते शेवटच्या भाषणापर्यंत राखून ठेवतात आणि मग गार झालेला, जड मनानं, स्वतःच खातात. मी अनेकदा मागून पाहिला आहे. दिला नाही.

एकदा एका नव्या वकिलानं मला हळूच विचारलं, "मॅडम, कोलते साहेब म्हणजे वारले ते काय?"

मी म्हटलं, "वारले नाहीत. अमरावतीला राहायला गेले."

या दोन्हींत फारसा फरक नाही असं मानणारे लोक अकोल्यात आहेत. ते असो.

मला स्वतःला या कार्यशाळा आवडत नाहीत. पण तिन्ही फौजदारी कायदे एकदम बदलले तेव्हापासून त्यांना पर्याय उरला नाही. तोंडपाठ होतं ते सगळं एका सकाळी जुनं झालं. चारशे वीस हे कलमच राहिलं नाही. गुन्ह्यांचं नवं पुस्तक तीनशे अठ्ठावन्नवर संपतं, आणि आपल्याकडचे चारसोबीस लोक मात्र होते तिथंच आहेत. पूर्वी एकशे चव्वेचाळीस लागलं की चौकात चार माणसं जमायची नाहीत, ती जमावबंदी. आता एकशे चव्वेचाळीस म्हणजे पोटगी, म्हणजे ते लागलं की दोन्हीकडचं अख्खं खानदान कोर्टात जमतं. त्यात ऑनलाइन दाखल करणं आलं, ओटीपी आला, आणि तो ओटीपी नेमका घरी राहिलेल्या फोनवर जाणं आलं. वर दर महिन्याला बाररूममध्ये नवी अफवा: कार्यशाळेला गेलं नाही तर वकिलीची सनद जाते म्हणे. कोणाची गेलेली मी तरी पाहिली नाही. पण वकिलाला भीती घालायला दुसरा वकील पुरतो.

भुयार वकिलांना मात्र कसली भीती नाही. अकोला असो, अमरावती असो, मूर्तिजापूर असो, ते जातातच. विषय कोणताही चालतो. गर्भलिंग निदानाच्या कायद्यापासून वाळूच्या वाहतुकीपर्यंत सगळ्याला ते पुढच्या रांगेत बसलेले आहेत. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला प्रमाणपत्रांचा नाद लागला. बाररूममध्ये त्यांच्या शेजारचंच टेबल माझं, म्हणून मला खरं ठाऊक आहे.

भुयार मूळचे धामणगाव रेल्वेचे, कोलते पातूरचे. अमरावतीला कायदा शिकताना दोघांची खोली एक होती, आणि पुढं अकोल्याला टेबलही एकच घेतलं. वकीलपत्रावर सही दोघांची. पण कामाची वाटणी चमत्कारिक होती. भुयारांना आवाज देवानं दिलेला, आणि स्मरणशक्ती द्यायला तो विसरलेला. कोलत्यांना सगळी कलमं पाठ, पण उभं राहिलं की घसा कोरडा. तेव्हा उभे राहायचे भुयार, आणि त्यांच्या डाव्या हाताला बसायचे कोलते. डाव्याच हाताला, कारण भुयारांचा उजवा कान लहानपणापासून नावालाच आहे. युक्तिवाद रंगात आला की भुयार म्हणायचे, "आणि म्हणून महाराज, कलम..." आणि थांबून मान किंचित डावीकडे वळवायचे. खालून आकडा यायचा. तो घेऊन भुयार पुन्हा गरजायचे.

कोलत्यांची कुजबूजसुद्धा, पाहा, शेवटच्या बाकावरच्या पक्षकाराला ऐकू जायची. एक न्यायाधीश एकदा म्हणाले होते, "भुयार साहेब, मी लिहून घेतलं. तुम्ही पुन्हा सांगू नका."

सगळी हयात असं चाललं. मग नवे कायदे लागू झाले.

तेव्हाची गोष्ट. भुयारांना ताप होता आणि एका बाईच्या पोटगीचा नवा अर्ज दाखल व्हायचा होता. कोलते एकटेच उभे राहिले, आणि सवयीनं म्हणाले, "कलम एकशे पंचवीस." समोरचा तरुण वकील नम्रपणे म्हणाला, "सर, आता एकशे चव्वेचाळीस." कोलत्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पूर्ण गंभीरपणे विचारलं, "अबे, इथं जमावबंदी कोनं लावली?"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले, पट्टेवाला हसला, मीही होते तिथं, मलाही हसू आलं. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. पण ज्या माणसाला अख्खी बाररूम येताजाता कलम विचारायची, त्याला त्या दिवशी एका पोरानं कलम सांगितलं होतं. कोलते खाली बसले. दुपारी बाररूममध्ये येऊन त्यांनी काळा कोट नीट घडी करून पिशवीत ठेवला. मला म्हणाले, "चालतो मॅडम. डोक्यात होतं ते रद्द झालं. आता नवं राह्यत नाही." पुढच्या आठवड्यात मुलगा येऊन त्यांना अमरावतीला साईनगरात घेऊन गेला.

भुयार तापातून उठून आले तेव्हा टेबलाची डावी बाजू रिकामी होती.

ते चिडले, शिव्या दिल्या, फोन केले. "अबे, हसले तं हसले! मले तं जल्मभर हसून राहिले लोक!" कोलते तिकडून म्हणायचे, "पाहू." मग भुयारांनी निराळा मार्ग धरला. नवं डोक्यात राहत नाही म्हणतो ना हा माणूस, तर आपण शिकायचं आणि याला शिकवायचं. ज्यानं उभ्या आयुष्यात एक कलम लक्षात ठेवलं नव्हतं, तो गृहस्थ वयाच्या या टप्प्यावर कार्यशाळांच्या मागं लागला. दर रविवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं साईनगर, आणि कोलत्यांसमोर ती दुसरी पिशवी ठेवायची.

"मंग घेतात का ते शिकून?" असं मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं.

"कायचं शिकते! मी सांगतो नवं, तो सांगते जुनं. आपल्या नातीपाशी झोपाळ्यावर बसून हासते," भुयार म्हणाले. मग दुपट्टा झटकत म्हणाले, "पन मॅडम, जुना आकडा असा सांगते ना अजून, खटकन. ऐकाले बरं वाटते."

मागच्या हिवाळ्यात कार्यशाळा अमरावतीलाच होती. विषय: नव्या कायद्यातील पोटगी. भुयारांनी महिनाभर आधीपासून फोन सुरू केले. साईनगरापासून सभागृह जवळ, बसायचं फक्त पहिल्या सत्राला, मुलगा स्कूटरवर सोडेल. कोलत्यांचं उत्तर ठरलेलं, "पाहू." गाडीत भुयार माझ्यासमोर बसले होते. मूर्तिजापूर गेलं तरी त्यांचं तोंड बंद नव्हतं. माझीच परीक्षा चालली होती.

"जामीन?"

"चारशे त्र्याऐंशी."

"अटकपूर्व?"

"चारशे ब्याऐंशी. भुयार साहेब, मला पुस्तक बघू द्या."

"पुस्तक काय पाहता! पोटगी, एकशे चव्वेचाळीस. हे तं झोपीतही इसरत नाही मी आता." खिडकीतून बाहेर पाहत त्यांनी दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळला. "मॅडम, तो येईन काय हो?"

मला काय ठाऊक! मी म्हटलं, "पाहू."

"तुमीबी तेच म्हनता," ते म्हणाले, आणि बडनेऱ्यापर्यंत गप्प बसले. हा माणूस इतका वेळ गप्प बसू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, ते मला मुळीच बरं वाटलं नाही.

सभागृहात नेहमीसारखंच झालं. दोन पिशव्या, दोन पेनं, डावीकडे दुपट्टा. मी उजवीकडे, म्हणजे ऐकू न येणाऱ्या बाजूला. "येऊन राहिले, येऊन राहिले." दीपप्रज्वलन झालं. वक्त्या बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि नशिबानं खरोखर थोडक्यात बोलल्या. भुयारांचं लक्ष भाषणात नव्हतं, ते सारखे दाराकडे वळत होते. शेवटी वळायचे थांबले. प्रश्नांची वेळ झाली आणि मला मागून कोणीतरी पुढं सरकत असल्याची चाहूल लागली.

कोलते होते. स्वेटर, मफलर, आणि स्वेटरवरून तो काळा कोट. कोट आता सैल होत होता.

भुयारांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतके महिने ज्याच्यासाठी लोकांशी भांडून खुर्ची अडवली तो माणूस समोर उभा. भुयारांनी दुपट्टा उचलला, त्यानंच खुर्ची झटकली. कोलते बसले. मग भुयारांनी हात वर केला आणि माईक मागून घेतला.

"मॅडम, माझा एक प्रश्न," त्यांचा तो जुना आवाज सभागृहभर घुमला. "हिवरखेडची एक म्हातारी बाई आहे. पोरगा पुण्याले नोकरीवर. आईले पाहत नाही. बाईले पोटगी पाहिजे. आता तिनं अर्ज जवळच्या तेल्हाऱ्याच्या कोर्टात करायचा, का पुण्याले चकरा मारायच्या? अर्ज नवा आहे. म्हणजे तो येईन कलम..."

आणि ते थांबले. मान किंचित डावीकडे वळली.

कोलते हातातल्या नव्या पेनाकडे पाहत होते. मग त्यांनी घसा खाकरला, आणि सवयीनं, खटकन, साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ती कुजबूज आली.

"एकशे पंचवीस."

मी भुयारांचा कोट ओढला आणि त्यांच्या बहिऱ्या कानात सांगितलं, "चव्वेचाळीस, एकशे चव्वेचाळीस!" सांगायची गरजच नव्हती. त्यांना येत होतं. सकाळी गाडीत त्यांनीच मला ते ऐकवलं होतं.

भुयारांनी माईक तोंडाजवळ नेला आणि गर्जून म्हणाले, "कलम एकशे पंचवीस!"

सभागृह हसलं. मागच्या पोरांनी तर टाळी दिली. कोणीतरी म्हणालं, "काका, जुनं पुस्तक घेऊन आले वाटते!" वक्त्या बाई सांभाळून घेत म्हणाल्या, "एकशे चव्वेचाळीस, सर. आणि आता आई जिथं राहते तिथंच अर्ज करता येतो, पुण्याला जायची गरज नाही." भुयार त्या हशात सरळ उभे राहिले, सगळ्यांकडे पाहून मनापासून हसले, "माफ करा, म्हातारपन आलं," म्हणाले आणि खाली बसले.

कोलते पांढरे पडले होते. ते कुजबुजले, म्हणजे मला आणि पुढच्या मागच्या रांगेला ऐकू आलं.

"तुले नवा माहीत होता."

"होता."

"मंग जुना कावून बोलला बे?"

"तू सांगतला म्हनून," भुयार म्हणाले.

कोलत्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला, मग पुन्हा सोडला. चहा आला. दोन बश्या आल्या, आणि त्या दिवशी दुसरा आलुबोंडा गरम असताना ज्याचा त्यानं खाल्ला. मी डोळ्यांत गेलेलं पुसत होते. सभागृहात धूळ फार होती म्हणा.

जेवणाच्या सुट्टीत मुलगा स्कूटर घेऊन आला. आम्ही दारापर्यंत सोडायला गेलो.

"चालतो बे. गोळ्या घ्याच्या हायेत," कोलते म्हणाले.

"सोमवारी ये अकोल्याले. टेबल तसंच हाये."

कोलत्यांनी मागं बसता बसता भुयारांच्या खांद्यावर हात ठेवला. तोल सांभाळायला ठेवला की कशाला, ते कळलं नाही. "पाहू," म्हणाले.

स्कूटर वळून दिसेनाशी झाली तरी भुयार फाटकातच उभे होते. जेवून झालं, दुपारच्या सत्राची घंटा झाली. भुयार अजून बाहेरच होते, मी आत येऊन बसले. सभागृह भरलं होतं. उशिरा आलेला एक वकील जागा शोधत आमच्या रांगेत आला आणि डावीकडच्या त्या मोकळ्या खुर्चीवर बसायला वाकला.

भुयारांचा दुपट्टा त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर राहिला होता. मी तो ओढला आणि त्या खुर्चीवर नीट, चारी कोपरे सरळ करून अंथरला.

"दुसरीकडं बसा," मी म्हटलं. "कोलते साहेब येऊन राहिले."