नानांची रिव्हॉल्व्हरं आणि माझ्या कुरडया

आमच्या शेजारचे नाना काकडी घ्यावी तशी रिव्हॉल्व्हरं घेतात. आधी तळहातावर तोलायचं, मग मुठीत धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हाई येगळं शे." घाबरू नका, ही नेमबाजीच्या सरावाची, छर्र्याची रिव्हॉल्व्हरं. त्यानं माणूस मरत नाही, शेजारीण मात्र वैतागते.

नाना मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी वळणाचं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन जळगावात एकटेच राहतात. लेक माधुरी धुळ्याला दिलेली. त्यांच्या कपाटात सदऱ्यांपेक्षा रिव्हॉल्व्हरं जास्त. चाळीसगावला कुणी जुनं विकतंय असं कानावर आलं की निघाले सकाळच्या गाडीनं. बोदवडला लग्नाला गेले, तर तिथूनही पिशवीत एक घेऊन आले. जेवले का, विचारलं तर आठवेना.

"नाना, हे मागच्यासारखंच दिसतंय," मी एकदा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कळण्याची भाकरी आणि पाव एकच म्हटलं.

बरं, इतकं जमवून निशाण तरी लागावं. रोज संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर पुठ्ठा उभा राहायचा आणि कोराच खाली यायचा. छर्रे माझ्या तुळशीत, टाकीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, कुरडयांवर. मी भांडायची, ते हात जोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टप्प, टप्प. शेवटी आमच्या ह्यांच्या दाताखाली कुरडईतून छर्रा आला, तेव्हा मी ताट घेऊन तशीच त्यांच्या गच्चीवर गेले.

नाना पुठ्ठ्यासमोर उभे होते. रिव्हॉल्व्हर डाव्या हातात होतं.

"तुम्ही डावरे कधीपासून झालात?" मी विचारलं.

"मी कुठला डावरा, ताई." ते कठड्याला टेकले. "माधुरीना उजवा हात काम करत नई आते."

माधुरी कॉलेजात नेमबाजी करायची, एवढं मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी असोद्याच्या रस्त्यावर ती मोटरसायकलवरून पडली, हेही. पण त्या मनगटात आता पाण्याचा भरलेला पेला धरण्याइतकीही ताकद नाही, हे नव्हतं ठाऊक. सामान तिनं माळ्यावर टाकलं होतं आणि विषय काढला की उठून जायची.

"दुकानात चल म्हटलं तर येणार नाही ती," नाना म्हणाले. "म्हणून आधी मीच धरी पाहस. मना डावा हात बी तिनागतच अडाणी शे. याले जे पेललं, ते तिले पेलीन."

भांडायला आलेली मी, ताट घेऊन तशीच खाली उतरले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माधुरी माहेरी आली. नानांनी खाटेवर चादर अंथरून सगळी रिव्हॉल्व्हरं ओळीनं मांडली. मी पुरणपोळी द्यायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिनं एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"उचला हे, नाना. मला नकोय," एवढं बोलून ती आत गेली. नानांनी एकेक फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. मलाच म्हणाले, "पोळी मऊ झाली शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या गच्चीवर होते. माधुरी त्यांच्या गच्चीवर आली, एकटीच. पदराआडून एक छोटं रिव्हॉल्व्हर काढलं, डाव्या हातात धरलं, आणि कठड्याला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर रोखलं. मग टप्प. थोड्या वेळानं पुन्हा टप्प.

मी कठड्यावरून खाली वाकले. नाना त्यांच्या बाहेरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभे होते. चाहूल लागू नये म्हणून चपला काढून हातात धरलेल्या.

"लागलं नाही हो एकही," मी हळूच सांगितलं.

"नको लागू दे," ते तसेच वर बघत पुटपुटले. "छर्रा मारी तर ऱ्हायनी ना ती."