आपोआप मिटणाऱ्या नळीची हकीकत

श्री. ज्याचे इच्छेनें नाडी चालते आणि ज्याचे इच्छेनें थांबते त्या अंतर्यामीस दंडवत घालून, आणि वाचणाराचे घरीं सर्वांस आरोग्य असो ऐसें मागून, ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण लिहिणारास अद्याप तेथेंच राहणें आहे. त्या राज्यांत महाराज थोर, प्रजावत्सल, परंतु मर्जी मोठी कडक. कधीं कोणावर खपा होईल याचा नेम नसे. त्यांचे आजोबांवर पूर्वीं कोणी हरामखोरानें मुजरा करतां करतां सुरी चालविली होती, तेव्हांपासून दरबारीं रिवाज पडला कीं, सरकारस्वारी आली ऐसी भालदाराची ललकारी होतांच ज्याचे हातीं जें असेल तें त्यानें सोडावें आणि दोन्ही पंजे उघडे करून दाखवावे, मग मान लववावी, आणि महाराज 'बस' म्हणेतों तसेंच राहावें. आचारी पळी सोडी, कारकून लेखणी सोडी, आणि एकदां तर न्हाव्यानें दिवाणांची अर्धी दाढी टाकून वस्तरा सोडिला आणि तो दिवाणांचे मांडीवर पडला, तरी दिवाण हूं कीं चूं न करतां पंजे दाखवीत बसले. लहान पोरांसही चालतां येण्याआधीं हाच रिवाज शिकवीत, ऐसा त्या राज्याचा धाक.

तेथें सरकारी आरोग्यमहाल होता. अति दुखणाईत मनुष्यास खाटेवर निजवून शिरेंत सुई घालीत, वर औषधाची बाटली टांगीत, आणि मधली नळी एका यंत्रांतून ओवून घेत, तें यंत्र थेंब थेंब औषध सोडी. यंत्र कांहीं बिनसलें कीं कोकलूं लागे, मग परिचारिकेनें नळी यंत्रांतून काढावी, चिमटीनें दुमडून धरावी, यंत्र ठीक करावें आणि नळी पुन्हा बसवावी, ऐसी वहिवाट. चिमटी सुटली तर सगळें औषध एकदम अंगांत धांवे. हें सर्वांस ठाऊक होतें आणि चिमटी आजवर कोणाची सुटली नव्हती. त्या मार्गशीर्षांत सुरनीस, म्हणजे दप्तराचे मुख्य, विसाजीपंत, महाराजांचे बाळमित्र, काळजाचे विकारानें तेथें पडले होते. औषध नामी लागू पडलें होतें, पंत उठून बसत, पेज पीत, परिचारिका द्वारकाबाई जगदाळे इजशीं थट्टा करीत कीं, "बाई, तुमच्या यंत्रापरीस आमची सासू कमी कोकलते." त्यांस भेटावयास म्हणून महाराज मोठ्या मायेनें निघाले, आणि इकडे यंत्र कोकललें, आणि बाईनें नळी काढून चिमटींत धरिली, आणि तोच दारीं ललकारी जाहली. बाईचे दोन्ही पंजे उघडे जाहले. शेजारीं राजवैद्य त्रिंबकशास्त्री उभे होते, त्यांचेही पंजे उघडे, सगळ्या दालनाचे पंजे उघडे, आणि नळी मोकळी लोंबत राहिली. विसाजीपंत म्हणाले, "शास्त्रीबोवा, छातींत कसेंसेंच होतंय हो." शास्त्रीबोवांनीं ऐकिलें, परंतु महाराजांनीं 'बस' म्हटल्यावांचून हात खालीं आणावा कसा? महाराज 'बस' म्हणेतों पंत गेले. हें आम्हीं खांबापाशीं उभे राहून डोळ्यांनीं पाहिलें, आणि आमचेही पंजे उघडेच होते.

मग चौकशी बसली. तींत कोणी म्हणे औषध जुनें, कोणी म्हणे पंतांची साडेसाती, शास्त्रीबोवा म्हणाले परिचारिकेचा गाफीलपणा. ललकारीचें नांव कोणाचे ओठावर येईना, कारण तें नांव घेणें म्हणजे सरकारनीं आपला मित्र मारिला ऐसें तोंडावर सांगणें, आणि ऐसें सांगून पुन्हा घरीं जेवावयास कोण जातो? द्वारकाबाईस विचारिलें, ती इतकेंच म्हणाली कीं, "हात सुटला." मग तीस गडावर कोठडींत टाकिलें. महाराज शोकांत बुडाले आणि कोणास दर्शन देईनात.

पौष लागला तों महाराजांच्या वडील भगिनी आक्कासाहेब, ज्यांनीं महाराजांस आईमागें अंगाखांद्यावर वाढविलें, त्याच विकारानें आजारी पडल्या. शास्त्रीबोवांनीं नाडी पाहिली आणि त्यांचें तोंड उतरलें, कारण औषध तेंच, आणि नळी तीच. महाराजांनीं हुकूम केला कीं, "आक्कांस औषध आजच सुरू करा. आणि त्यांच्या जिवास कांहीं जाहलें तर जिनें नळी धरिली तिचा कडेलोट होईल, हें आधींच ऐकवून ठेवा." हें ऐकतांच आरोग्यमहालांत हाहाकार उडाला. एकीस त्याच वेळीं पोटशूळ उठला, दुसरीची भाची बाळंत होऊं लागली, तिसरी जी गेली ती नदीपलीकडे परराज्यांत जाऊन थांबली. नळी धरणारें मनुष्य मिळेना, तेव्हां दिवाणांनीं युक्ति काढिली कीं, द्वारकाबाईस कोठडींतून आणा, तिचें आतां काय जायचें राहिलें आहे? आक्कासाहेब वांचल्या तर सोडूं, नाहीं तर कडा आहेच. ऐसी त्या बाईची मान आक्कासाहेबांच्या नाडीस बांधिली गेली.

आतां यंत्राध्यक्ष धोंडोपंत निजसुरे यांची गोष्ट सांगणें. हे गृहस्थ मोठे विद्वान, परदेशीं शिकून आलेले, परंतु स्वभावें अति भित्रे. घराबाहेर पडले कीं कडी लाविली काय म्हणून मागें फिरत, जिना उतरतां कठडा सोडीत नसत, दरबारांत त्यांचें हसें होई. त्यांस नळीचा बंदोबस्त करावयास सांगितलें. कोणी सुचविलें कीं बाईचा हात नळीस बांधून टाका, कोणी म्हणे हुशार बाई ठेवा, शास्त्रीबोवा म्हणाले भिंतीवर 'सावधान' ऐसी पाटी लावा. धोंडोपंत कोणास कांहीं न बोलतां गडावर कोठडीपाशीं गेले आणि गजांतून विचारते जाहले, "बाई, खरें सांगा. नळी कां सोडिली?"

"सोडिली नाहीं हो पंत. हात उघडले. ललकारी झाली कीं उघडतात, लहानपणापासून."

"आणि पुन्हा ललकारी झाली तर? आतां तर प्राणाशीं गांठ आहे."

"तरी उघडतील. मला आतां माझ्याच हातांची भीति वाटते. रात्रंदिवस मुठी आवळून बसतें आणि कोणी नुसतें खाकरलें तरी सुटतात. मला त्या खाटेपाशीं नेऊं नका, पंत, पायां पडतें."

धोंडोपंतांचे डोळ्यांस पाणी आलें. ते म्हणाले, "बाई, भिऊं नका असें मी सांगणार नाहीं, मीच भितों. परंतु तुमच्या हातांवर कांहीं सोपवायचें नाहीं, इतकें कबूल करतों. हात सुटणारच, असें धरून नळी करीन." मग ते कारखान्यांत शिरले आणि नळीचे अंगावर एक लहानसा चाप बसविते जाहले, ऐसा कीं नळी यंत्रांत घातली तर यंत्राचा जबडा चाप उघडून धरी, आणि नळी यंत्राबाहेर आली कीं आंतली लवचीक पोलादी कमान मिटून चाप नळीस आपोआप चावे, कोणी धरो अगर न धरो. बोलावयास सोपें, परंतु करतां नाकीं नऊ आले. पहिल्या चापाची कमान नरम निघाली. पंतांनीं बाटलींत पाणी भरून एका भालदारास मुद्दाम ललकारी द्यावयास लाविलें, तों सर्व कारखान्याचे पंजे उघडले, स्वतः पंतांचेही, आणि पाणी फरशीवर वाहूं लागलें. पंत मटकन् खालीं बसले आणि म्हणाले, "गेलें. एक मनुष्य गेलें." कोणी हंसलें नाहीं. दुसरा चाप इतका ताठ केला कीं नळी यंत्रांत परत घातली तरी चपटीच राहिली आणि एक थेंब उतरेना, मग तोही टाकून दिला, कारण औषध धांवूनही मरण आणि थांबूनही मरण. इकडे द्वारकाबाईस बेडीसकट आणून खाटेपाशीं उभें केलें होतें, आक्कासाहेबांस जुन्याच नळीनें औषध चाललें होतें, आणि महालाचे दारीं दोन शिपाई नुसते याच कामास बसविले होते कीं महाराज येतांना दिसले तर आंत खूण करावी. तिसरा चाप मिटे आणि उघडे, पुन्हा मिटे आणि उघडे. पंतांस विचारिलें, झालें काय? ते म्हणाले, "झालें असें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. परंतु याहून अधिक भीति मला सुचत नाहीं." मग ती नळी आक्कासाहेबांचे खाटेस लाविली.

त्या दिवशीं दोन प्रहरीं द्वारकाबाई खाटेपाशीं उभी, पायांत बेडी तशीच, धोंडोपंत भिंतीस टेकून राम राम म्हणताहेत, शास्त्रीबोवा दाराजवळ, म्हणजे पळावयास सोईचें. आक्कासाहेब ग्लानींत होत्या. यंत्र कोकललें. बाईनें यंत्राचें दार उघडून नळी काढिली आणि चिमटींत धरिली. नेमके तेव्हांच महाराज बहिणीचे मायेनें मागील दारानें आले, शिपाई बसले होते पुढील दारीं, आणि भालदारानें कानठळ्या बसतील ऐसी ललकारी दिली.  द्वारकाबाईचे तोंडून "आई गं" इतकेंच निघालें आणि तिचे पंजे उघडले. नळी खाटेचे कडेस लोंबूं लागली. पंतांचे पंजे उघडे, शास्त्रीबोवांचे उघडे, आमचे उघडे, आणि सगळ्यांचे डोळे बाटलीखालच्या थेंबावर. थेंब भरला, लांबला, आतां पडतो ऐसें वाटलें. पडला नाहीं. तेथेंच टांगून राहिला. महाराज मायेनें खाटेकडे पाहात उभे, 'बस' म्हणावयाचें विसरले, आणि आम्हीं सर्व त्या एका थेंबाकडे पाहात उभे. इतक्यांत आक्कासाहेबांनीं डोळे उघडिले आणि म्हणाल्या, "कोण, बापू? किती रे ओरडतात तुझीं माणसें. जरा निजूं द्या कीं." महाराज म्हणाले, "बस." द्वारकाबाईनें नळी यंत्रांत बसविली आणि थेंब पुन्हा पडूं लागला.

मग महाराजांची नजर त्या नळीवर गेली. पुसते जाहले, "ही नळी आतां मोकळी लोंबत होती. औषध पडलें कां नाहीं?" धोंडोपंतांनीं ततपप करीत चापाचें वर्तमान सांगितलें. महाराजांनीं पुसिलें, "पूर्वींच्या नळीस चाप होता?" "नव्हता, सरकार." "मग पूर्वींची नळी अशी लोंबती तर?" "सगळें औषध एकदम अंगांत धांवतें, सरकार." महाराज सावकाश म्हणाले, "विसाजी गेला तेव्हां आम्ही आलों होतों." शास्त्रीबोवा दाराचे आड झाले. तेव्हां द्वारकाबाई, जिची मान अद्याप सुटली नव्हती, बोलली, "होय, सरकार. तेव्हांही ललकारी झाली, आणि तेव्हांही माझे हात उघडले." आम्हीं डोळे मिटून घेतले, कारण आतां बाईचें काय होतें तें पाहवणार नव्हतें.  महाराज म्हणाले, "आणि हें आम्हांस कोणीं सांगितलें कां नाहीं?" बाई म्हणाली, "भिऊन." महाराज खाटेजवळचे तिवईवर बसले आणि आपल्याच दोन्ही हातांकडे पाहूं लागले. आक्कासाहेबांनीं हात पुढें करून त्यांचे डोकीवर ठेविला. निघतांना भालदारानें तोंड उघडिलें, तों महाराजांनीं त्यास हातानें गप्प केलें, बाईची बेडी काढावयास सांगितली, आणि तेथून पायींच विसाजीपंतांचे घरीं गेले. तेथें पंतांचे कुटुंबाशीं काय बोलणें जाहलें तें कोणास ठाऊक नाहीं, परंतु स्वारी परत आली तेव्हां चेहरा ओळखूं येईना.

सारांश, चापाची नळी त्या राज्यांत सर्व खाटांस लागली, आक्कासाहेब बऱ्या जाहल्या, धोंडोपंत अद्याप कडी पाहावयास मागें फिरतात आणि त्यांस आतां कोणी हंसत नाहीं. महाराज आरोग्यमहालांत अजून येतात. दाराबाहेर एकटे उभे राहतात आणि हळूच विचारतात, "बाई, येऊं काय?" आंत द्वारकाबाईचे हातीं नळी असली तर ती म्हणते, "थांबा." आणि सरकार थांबतात.