परबांकडचे कर्नल

"कर्नल परत पॅनिक झाला!"

घोडपदेवच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतून ही आरोळी अधूनमधून येते. तिथे वसंत परब, म्हणजे आमचे परबकाका, तर एकटे राहतात. मग हा घाबरट फौजी त्यांच्याकडे कधी उतरला, ते मला कळेना. मंडळाने प्रजासत्ताक दिनाच्या फळ्यावर 'झेंडावंदन : परबांकडचे कर्नलसाहेब' असं लिहूनही टाकलं. काकांनी फळा वाचला. "अजून उभा राहत नाय रे तो," म्हणाले, "झेंडा कसला फडकवतोय!" त्यावर तळमजल्याच्या सावंतवहिनींनी गुडघ्याचं तेल पाठवलं.

कर्नल म्हणजे फौजी नव्हे, कॉम्प्युटरच्या गाभ्यातला प्रोग्रॅम, आणि तो कोलमडला की 'पॅनिक' म्हणतात, हे मला पुढे कळलं. कळलं म्हणजे काकांनी सांगितलं. ते माझगावला गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. जहाजांचे नकाशे ज्यावर निघायचे ते जाडजूड वर्कस्टेशन भंगारात निघालं, तेव्हा यांनी ते घरी आणलं. त्याच्या प्रोसेसरवर आता नवं काहीच चालत नाही, म्हणून काका स्वतःच त्याच्यासाठी कर्नल लिहीत बसतात.

"प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड, सगळ्यांना कामं वाटून देतो तो. समजलं?"

"म्हणजे मुकादम?"

"मुकादम झोपतो, मेल्या. हा झोपला तर संपलंच."

मी मान डोलावली. या विषयात मला तेवढंच जमतं.

पण मशीन लावलं की बऱ्याचदा अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडायचा. शेवटी चाळ कमिटीने बजावलं, रविवारपर्यंत फ्यूज न उडवता चालू करा, नाहीतर उचला. काकांचा चेहरा एवढासा झाला. फ्यूजपायी मी त्यांच्यावर किती चिडलो होतो, तरी तो चेहरा मला बघवेना.

रविवारी सकाळी त्यांनी मला साक्षीला बसवलं. बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवे टिकले, पण पडदा काळाच. काका मशीनची पाठ थोपटत म्हणाले, "ऊठ रे बाबा, ऊठ."

आणि पडद्यावर, इंग्रजी अक्षरांत, एक ओळ उमटली: 'वसंता, जेवलंस काय रे?'

मी पुन्हा गोंधळलो. "काका, याला तुमच्या जेवणाशी काय करायचंय?"

"उठल्यावर पहिलं काय बोलायचं, ते आपणच लिहायचं असतं. लोक हॅलो लिहितात." काका चष्मा पुसत राहिले. "आई गेल्यापासून या घरात कोण विचारतंय रे?"

मग ते पडद्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "नाय गो आये. आता जेवतंय."