ठकूताई यादीत कशी आली

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. नदी होती, सिंह होता, जागोजागी सिंहाचे फलक होते. फक्त काम नव्हतं.

(मोठ्यांनी ऐकलं तरी चालेल. मुलं हल्ली कुठे ऐकतात? माझी तर मुळीच नाही.)

तिथे ठकूताई नावाची सुतारपक्षीण राहायची. झाडं ठोकायची, आतले किडे काढून खायची, खोडात घर कोरायची. मग महाराजांनी जुनी झाडं तोडून निलगिरी लावली. निलगिरी दिसायला छान. उंच, गुळगुळीत. पण आत किडा नाही की पोकळी नाही. ठकूताईचं काम गेलं. आणि अंडी घालायचे दिवस तर तोंडावर आलेले.

तेवढ्यात महाराजांनी दवंडी पिटली. जंगलातले बेकार मोजायचे. यादीत नाव येईल त्याला राखीव राईतलं एक जुनं झाड मिळेल.

मोजायचं काम साळिंदरीला दिलं, साळूमावशीला. तिला पेन लागायचं नाही. पाठीवरचा काटा उपटला की झालं. जाताना महाराज तिला हळूच म्हणाले, "राईत मी दुपारी झोपतो. लक्षात असू दे."

मावशी ठकूताईकडे आली.

"काय गं ठके, मागच्या आठवड्यात तासभर तरी काही काम केलंस?"

"काम कुठलं, मावशी? आमचे हे वारुळावर मुंग्या वेचतात, त्यांना जरा चोच लावली."

"झालं तर! घरच्या धंद्यात मदत. तू कामावर आहेस."

"अगं, फुकट केलं ते."

"फुकट का होईना."

हे ऐकून मला आपलं बरं वाटलं. मी वीस वर्षं यांच्या दुकानात बसते आणि कुणी विचारलं की सांगते, काही नाही, घरीच असते.

पुढच्या आठवड्यात ठकूताई फांदीवर नुसती बसून राहिली. मुंगीकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता लिही. काही केलं नाही, शप्पथ."

"काम शोधलंस?"

"दोन महिने शोधलं गं. मिळेना. मग दमले."

"शोधत नाहीस म्हणजे तुला नकोय. ज्याला नकोच आहे तो बेकार कसा?" मावशीने काट्याने रेघ मारली.

तिसऱ्या आठवड्यात ठकूताईने नुसतंच काम शोधलं. या झाडावरून त्या झाडावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. "खात्री करून घे," म्हणाली, आणि मावशीला मागे मागे फिरवलं. मावशीचे पाय सुजले. ठकूताईचं पोट तर आता उडताना जड व्हायला लागलेलं.

"बरं बाई, कारण सांग. काम का नाही?"

"महाराजांनी झाडं तोडली."

मावशीचा काटा थांबला. "असं कारण फॉर्मात नाही. आळस आहे. शिक्षण कमी आहे."

"कसलं शिक्षण?"

"निलगिरीवर ठोकायचं."

"अगं, तिच्यात आत काही नसतं!"

"म्हणूनच शिक्षण लागतं ना."

मावशीने 'शिक्षण कमी'वर खूण केली. मग ठकूताईच्या पोटाकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि नाव लिहून टाकलं. यादीतलं पहिलं आणि शेवटचं.

महाराजांनी यादी बघितली. "एक? माझ्या जंगलात एक बेकार?"

"मी स्वतः बघितलं, महाराज."

"मग आता घरी बसून बघ."

मावशीची नोकरी तिथल्या तिथे गेली. महाराजांनी आयाळ खाजवली. एक जागा रिकामी आणि एकच बेकार. त्यांनी ठकूताईला बोलावलं आणि मोजणीवर नेमलं. वर कचेरी म्हणून राखीव राईतलं एक जुनं पोकळ झाडही दिलं. म्हणाले, "आकडा शून्य आहे तोवर झाड तुझं."

ठकूताईने त्याच दिवशी तीन अंडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूमावशी झाडाखाली उभी. "ठके, माझं नाव लिही गं. काम गेलं, कालपासून शोधतेय, काही केलेलं नाही. नियमात अगदी बसते."

ठकूताईने ढोलीतून मान बाहेर काढली. पोटाखाली तीन अंडी उबदार होती.

"मावशी..." ती म्हणाली आणि घसा साफ केला. "बाई, तुम्ही बेकार नाही. इतका अनुभव असलेला प्राणी बेकार नसतो. तो सल्लागार असतो."

"सल्ला कुणाला देऊ?"

"ते ठरवायला आता वेळच वेळ आहे तुमच्याकडे."

खोटं कशाला सांगू, ठकूताईला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण अंड्यांवरून ती उठली नाही.

तात्पर्य: बेकारी घालवायला सगळ्यांना काम द्यावं लागत नाही, मुलांनो. मोजणाऱ्याला दिलं की पुरतं.