पटलोजीचा सत्कार

एका जंगलात एक डबकं होतं, बालमित्रांनो. हत्ती त्यात पाय धुवायचा आणि वाघ नाक मुरडून पुढे जायचा. त्या डबक्यात एक राज्य होतं. डोळ्यांना दिसणारही नाही, एवढंसं. तुमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला पेशी म्हणतात. तिथले लोक मात्र त्याला विश्व म्हणायचे.

राज्याच्या मधोमध केंद्रक महाराज राहत. त्यांच्याभोवती दुहेरी पडदा होता आणि पडद्याला भोकं होती. त्या भोकांतून हुकूम बाहेर जात. महाराज स्वतः कधीच बाहेर येत नसत. त्यांना न बघताच सगळं कळतं, असं कारभारी गॉल्जीपंत सांगत. पंतांचं काम बांधाबांधीचं. राज्यात तयार झालेला माल गुंडाळायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा. गुंडाळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

आणि वेशीवर होता आपला पटलोजी. तोच कुंपण आणि तोच पहारेकरी. दोन पदरी, तुपकट अंगाचा, साऱ्या राज्याला वेढून बसलेला. साखर आली की तिला दार उघडून आत घेई. मीठ आलं की हटकून विचारी, "तू रे कुणाकडे?" पाण्याशी मात्र त्याचं काही चालत नसे. आतला रस दाट, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत झिरपत राही.

ते पाणी उपसायचं काम रिक्तिकाबाईचं. ती म्हणजे एक पिशवीच. भरायचं, वेशीशी यायचं, रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं.

"सरका हो पटलोजीभाऊ, ओतायचंय."

"आत्ताच तर ओतलंस!"

"मग काय करू? पुन्हा भरले."

दर वेळी पटलोजीला अंग उघडून तिला वाट द्यावी लागे. तो पार वैतागला होता. आपण एवढी राखण करतो, आपलं कुणी नाव घेत नाही, आणि ही बाई दिवसभर आपलं डोकं खाते! शेवटी तो पंतांकडे गेला. "ही बाई काही तयार करत नाही. नुसती भरते नि ओतते. हिला बसवा घरी."

पंतांनी तंतुकणिकांना विचारलं. राज्याची सगळी शक्ती याच बहिणी तयार करायच्या. त्या आधीच कावलेल्या. "आम्ही चुलीपुढे राबायचं आणि बाईंनी ती सगळी शक्ती पाणी फेकण्यात घालवायची!" त्या फणकारल्या.

भोकातून हुकूम आला. रिक्तिकाबाई सक्तीच्या रजेवर.

बाई रडली असेल, असं वाटलं ना तुम्हाला? छे! पाणी का उपसायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. ती खुशाल एका कोपऱ्यात आडवी झाली.

आणि काय चमत्कार! राज्य वाढू लागलं. सीमा पुढे सरकल्या. जिकडे तिकडे ऐसपैस जागा झाली. "महाराजांच्या कृपेनं राज्यानं बाळसं धरलं हो!" पंतांनी दवंडी पिटवली. शेजारच्या पेशीचे पाहुणे वेशीबाहेरून सगळं न्याहाळून, माना डोलावत परत गेले.

सीमा वाढली म्हणजे श्रेय कुणाचं? अर्थात वेशीचं! पटलोजीला 'सीमाभूषण' किताब जाहीर झाला.

फक्त पटलोजीचं अंग दुखू लागलं. दोन्ही पदर ताणून विरविरीत झाले. का दुखतंय, हेही त्याला कळलं होतं. पाणी आत येताना त्याला दिसत होतं, बाहेर जाताना दिसत नव्हतं. बिचारा मनातून घाबरला. मला तर त्याची दया येते, खरंच सांगतो.

तो हळूच पंतांना म्हणाला, "पंत, बाईंना परत बोलवा. मी फाटेन हो. ही वाढ नाही, नुसतं पाणी आहे."

"तक्रार तुमचीच होती ना, पटलोजीराव?"

"होती."

"मग किताब नको, असं महाराजांना कळवू?"

पटलोजीला आजवर कुणी 'राव' म्हटलं नव्हतं. तो घुटमळला. बाई तिथंच कोपऱ्यात घोरत होती. एक हाक मारली असती तरी उठली असती.

"सत्कार होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

सत्काराला सारं राज्य लोटलं. पंतांनी शाल गुंडाळायला घेतली, पण ती कुठूनच पुरेना. सगळ्यांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

"छाती पुढे काढा, पटलोजीराव!" पंत ओरडले.

पटलोजीनं छाती पुढे काढली.

फट्!

हत्ती तिथंच पाय धुवत होता. त्याला काही ऐकू आलं नाही.

शेजारच्या पेशीत त्याच वेळी सभा भरली होती. पाहुणे स्वतःच्या डोळ्यांनी सगळं बघून आले होते. फुटायच्या आधीच परतले होते ना! तिथल्या रिक्तिकाबाईलाही लगेच रजा मिळाली आणि तिथल्या वेशीवरच्या पहारेकऱ्यानं शालीसाठी आपलं माप दिलं.

तात्पर्य : बालमित्रांनो, सूज आली की तिला बाळसं म्हणावं आणि छाती पुढे काढावी. दुखतंय, हे सांगायची घाई करू नये. फुटल्यावर किताब परत मागायला कुणी येत नाही.