मातीखालचं खाणारी गयामावशी

गयामावशी पाल्याचं, देठाचं काही खात नाही. मेथी नाही, शेपू नाही. रताळी, अळकुड्या, मुळे, बीट, सुरण, असं मातीखाली वाढलेलंच तिच्या चुलीवर चढतं. मुळ्याचा पाला शेळीला. ज्वारीची भाकरी खाते, पण उपकार केल्यासारखी. "वर दिसतं ते कोनीबी तोडतं. खालचं तेवढं आपलं," हा तिचा सिद्धांत. चहाही बिनसाखरेचा. कुणी आग्रह केला तर म्हणते, उभी हयात ऊस तोडला, आता त्येला तोंडात बी घालू व्हय?

आमच्या पाथर्डी तालुक्यात दिवाळी झाली की निम्मी गावं ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला निघतात. अशा मुलखात साखरेवर बहिष्कार टाकणारी बाई माझ्या शेजारी राहते, म्हणून मी हरखले. ऊसतोड कामगारांच्या आमच्या संघटनेच्या पत्रकावर तिचा फोटो छापायचं ठरवलं. ती म्हणाली, सुरणाचा छाप, त्येचं तोंड माझ्यापरीस बरं हाय. तेव्हापासून माझं नाव पत्रकबाई.

सुरण म्हणजे तिची सासू. "चिंच घातल्याबिगर गप बसत न्हाई." अळकुड्या म्हणजे दीर, एकमेकांना चिकटलेले, वेगळं निघायचं नाव नाही. बीट ही नणंद, हात लावेल त्याला रंगवणार. स्वयंपाक करताना ती या सगळ्यांशी मोठ्यानं भांडते. वाटेवरच्या माणसाला वाटतं, घरात पाहुणे उतरलेत. खरं तर दिवाळीनंतर घरात ती एकटीच असते. मुलगा अंकुश आणि सून मंगल तोडीला गेलेले असतात.

फक्त रताळं भाजताना तिचं तोंड बंद असतं. रताळं म्हणजे आई. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत, पोरीचं पोट दुखायला लागलं की आई चुलीच्या आरातलं गरम रताळं फडक्यात गुंडाळून तिच्या कमरेला बांधायची. दुखणं ओसरलं की तेच सोडून खायचं. औषध आणि जेवण एकच.

आणखी एक खोड. बाजारात ती पिशवी नेत नाही. किलोभर रताळी असोत की अख्खा सुरण, सगळं पदरात. दुकानदार हसतात, पोरं नकला करतात. ग्रामपंचायतीला मात्र यात पर्यावरण दिसलं. प्लास्टिकमुक्तीच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर बोलावलं, नारळ दिला आणि बक्षीस म्हणून एक छापील कापडी पिशवी.

मावशीनं नारळ घेतला. पिशवी सरपंचांच्या हातात परत दिली.

"ही ऱ्हाऊ द्या. माझी काढून झालीया."

स्टेजवरची माणसं हसली. म्हातारी विनोदी आहे म्हणाली. खाली बसलेली एकही बाई हसली नाही. आमच्याकडं गर्भाशयाला पिशवी म्हणतात. अंकुश रांगत होता तेव्हाच मावशीची काढली. का, तर पाळी नको, कामावर खाडा नको. मुकादम खूश, डॉक्टर खूश, कारखान्याला उसाशी मतलब. त्या स्टेजवरच्या एकाही माणसाला हे माहीत नसेल, असं मी मानत नाही. माहीत नसल्यासारखं हसता येतं, एवढंच.

या वर्षी तोडीला निघायच्या आधीच मंगलच्या पोटात दुखायला लागलं. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात न लावता सांगितलं, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढा. मुकादमानं ऑपरेशनची तारीखही ठरवून टाकली. मी आणि मावशी मंगलला घेऊन नगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. पिशवी चांगली आहे, जंतुसंसर्ग झालाय. गोळ्या घ्यायच्या, ओझं उचलायचं नाही, या हंगामात तोडीला जायचं नाही.

परतीच्या एसटीत मी लढाई जिंकल्यासारखी बोलत होते. मावशी खिडकीबाहेर बघत होती. तिला पुढचं कळलं होतं. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मंगल घरी राहिली तर अंकुश अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम ट्रकमध्ये घेत नाही, आणि त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल तर फेडायचीच असते.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक त्यांच्या दारासमोरच येऊन उभा राहिला. अंकुश खाली मान घालून चढला. त्याच्यामागं भांड्यांचं गठुडं घेऊन मावशी. मुकादमानं विचारलं, म्हातारे, मोळी उचलवंल का?

"तुझ्या बापाला इचार. त्यो मुकादम हुता तवा दिवस भरल्यालं असतानाबी मी ट्रक भरलाय."

त्यानं वहीत अख्खा कोयता लिहिला. मी मात्र ओरडले, की हे बेकायदेशीर आहे, मी तहसीलदारांकडं जाते, उद्या पत्रक काढते, सगळ्यांची नावं छापते.

मावशी वरून वाकली. "लिही की, पत्रकबाई. चांगलं लिही. तवर अर्धा कोयता मी धरते. आन बोंबलू नगं. मंगलला आत्ता कुठं डोळा लागलाय."

दर साली ट्रक हॉर्न वाजवत गाव सोडतात. या ड्रायव्हरनंही हॉर्नकडं हात नेला, तेवढ्यात मावशीनं केबिनवर थाप मारली. ट्रक मुकाट्यानं गेला.