नानांची बिनचूक यादी

हिरामण नानांना रस्त्यातून हाक मारलीत तर ते 'ओ' देत नाहीत. आधी तुमच्या आवाजाला मार्क देतात. "पाच-नऊ! बोला मास्तर." पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला, नऊ म्हणजे आवाज दणदणीत. ही हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे परवाना काढून हौसेखातर बिनतारी गप्पा मारणाऱ्यांची भाषा. पुतणीच्या लग्नात तर भर मांडवात त्यांनी भटजींना सुनावलं, "महाराज, आवाज तीन-चार यी ऱ्हायना. परत म्हना!" बिचाऱ्या भटजींनी अख्खं मंगलाष्टक परत म्हटलं.

खांडबाऱ्याच्या बाजारात नानांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक दुरुस्ती सोडून नवे टीव्हीच आणू लागले, तेव्हा त्यांनी दुकान बंद करून वेबसाइट उघडली. हॅम रेडिओची सगळी माहिती, मराठीत आणि फुकट. सर्किटच्या आकृत्या, परीक्षेची तयारी आणि सध्या कोण कोण हवेवर, म्हणजे सेटवर बोलायला, आहे त्यांची यादी. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, म्हणून शुद्धलेखन तपासायला त्यांनी मला धरलं. तेही फुकटच.

"सगळं फुकट? मंग तुम्हले काय भेटस?" एकदा शेजारच्या किराणावाल्याने विचारलं.

"पाच-नऊ भेटस," नाना म्हणाले. किराणावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

या छंदाचा खरा ताप झाला तो माईंना, म्हणजे नानांच्या बायकोला. गच्चीवरून चिंचेपर्यंत ताणलेली अँटेनाची तार त्यांना वाळवणाची दोरी वाटे. त्यांनी ओली गोधडी टाकली की वरून नाना ओरडत, "नाशिक गायब व्हयनं!" शेवटी माई वैतागून म्हणाल्या, "या माणूससंगे बोलानं व्हई तं परवानाच काढना पडी." आणि खरंच परीक्षेला बसल्या. पहिल्या झटक्यात पास! नाना तिसऱ्या खेपेला पास झाले होते, हे त्या आल्यागेल्याला सांगत. पुढे नाना गच्चीवरच्या खोलीत आणि माई चुलीपाशी, हातात छोटा सेट घेऊन: "चहा व्हयना. ओव्हर."

नानांचा जीव आहे तो त्या यादीत. प्रत्येक नावापुढे तो माणूस कधी भेटेल ती वेळ. हॅम वारला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे संदेश पाठवायची मोर्सची कळ कायमची थांबली. असं नाव त्याच दिवशी यादीतून निघून 'शांत' या पानावर गेलंच पाहिजे, हा नानांचा कडक नियम. नाहीतर लोक उगाच हाका मारत बसतात. परवा शहाद्याच्या एकाचे वडील, यादीतले जुने हॅम, गेल्याचं उशिरा कळलं, तर नानांनी फोनवर आधी त्या मुलालाच झापलं, "पंधरा दिन व्हयनात! लोके तेस्ले हाका मारी ऱ्हायनात!" सांत्वन नंतर केलं. रडले मात्र त्या मुलापेक्षा जास्त.

या प्रकारानंतर नानांनी अख्खी यादी कागदावर छापून माझ्यापुढे टाकली. "एक चूक दखाडा, मास्तर." मीही हट्टाला पेटलो. ऱ्हस्व-दीर्घ सोडून एकेक माणूस तपासू लागलो. तिसऱ्या पानावर लाल पेन थांबलं. माईंचं नाव. भेटण्याची वेळ: चहाआधी.

माईंना जाऊन दोन वर्षं झाली आहेत.

"नाना, एक नाव राहिलंय," मी म्हणालो.

त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "माले माहीत शे."

"नियम तुमचाच आहे. कुणी उगाच हाका मारत बसू नये..." माझ्यातला मास्तर काही गप्प बसेना.

नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तिले एकच माणूस हाका मारस, मास्तर," ते म्हणाले. "त्यानी काई तक्रार नही."

मला माझीच लाज वाटली, आणि फार वाईटही वाटलं. लाल पेनाला टोपण लावलं. मग खिशातलं निळं काढलं, शेवटच्या पानावर 'तपासली, एकही चूक नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.